खुंटीवरचा फोन

काकाजींना वाचवण्यासाठी मी जेवढी धडपड केली, तेवढी स्वतःच्या नोकरीसाठीसुद्धा केली नसेल. आणि त्या माणसानं माझं एक अक्षर ऐकलं नाही. आमच्या कापसाच्या जिनात त्यांचा विषय निघाला की लोक हळहळतात, "असा माणूस पाह्यला नाई" म्हणतात. मी गप्प बसते. तोंड उघडलं तर मी आधी त्यांच्या फोनबद्दल बोलेन, आणि त्या फोनबद्दल बोलायला लागले की माझं डोकं फिरतं.

आमचं जिन वर्ध्याहून हिंगणघाटच्या रस्त्याला आहे. कापसातून सरकी वेगळी करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिथलं काम. मी ऑफिसात कॉम्प्युटर, मेल आणि कागदपत्रं पाहते. काकाजी खरेदीचे मॅनेजर होते. सकाळी बाजारात जायचं, शेतकऱ्यांच्या गाड्यांपुढं उभं राहून कापूस पाहायचा आणि जिनाच्या वतीनं बोली लावायची. मूळचे गिरडचे. मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना काकाजीच म्हणत, खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं.

चष्मा त्यांना कधीचाच लागला होता, पण ते तो घालत नसत. चष्म्यातून कापूस आहे त्याहून पांढरा दिसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. "मंग भाव जास्त निघते तोंडातून, अन् मालक मायावर भडकते." डॉक्टरनं दिलेला चष्मा त्यांनी गेटवरच्या चौकीदाराला देऊन टाकला. चौकीदाराला त्यातून काही धड दिसायचं नाही, पण काकाजींचा मान राखायला तो बिचारा घालायचा आणि आलेल्या ट्रकचा नंबर ड्रायव्हरलाच विचारायचा.

पंखा त्यांना चालायचा नाही. मे महिन्यात, वर्ध्यात, पंखा नको! रुई उडते म्हणायचे. ऑफिसात रुई कुठली, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्या केसांतून एक धागा काढून दाखवला आणि पंखा बंद केला. त्या दुपारी मी घामानं भिजून मेल लिहिले.

तर फोन. अक्षर दिसत नाही, मग फोन खिशात बाळगून करायचं काय? म्हणून तो वजनकाट्याच्या खोलीत, दाराशेजारच्या खुंटीवर, कापडी पिशवीत टांगलेला असायचा. वाजला की जवळ असेल तो उचलायचा. मेसेज आला की जवळ असेल तो वाचून दाखवायचा. उत्तर द्यायचं तर काकाजी खुर्चीवर बसून सांगायचे आणि जवळ असेल तो लिहायचा. "लिव बाप्पा, उद्या गाडी पाठवून राह्यलो म्हणा. अन् तिकडं पानी आलं का विचार. अन् त्याईच्या मायची तब्येत विचार, मांगच्या वेळी बिमार होती." एका ट्रकच्या निरोपात ते अख्ख्या घराची चौकशी करायचे. लिहिणारा कंटाळून अर्धं गाळायचा, आणि काकाजींना ते कळायचं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण खुंटीवर टांगलेली वस्तू मग सगळ्यांचीच होते. ड्रायव्हर त्यावरून घरी बोलत. कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया माहेरी फोन लावत. चहावाला त्यावरच ऑर्डरी घेई. एकदा मला तातडीचं काम होतं म्हणून मी काकाजींना फोन लावला, तर एक बाई म्हणाली, "थांबा, माया बहिनीसंग बोलनं व्हाचं आहे," आणि ठेवूनच दिला.

मी नोकरीला लागले तेव्हाच सांगितलं होतं, "काकाजी, फोनला कुलूप लावा. नंबर टाकला की उघडतं."

"काऊन? फोनात का सोनं ठेवलं आहे?"

"कोणी तुमच्या नावानं भलतंच काही पाठवलं तर?"

"कोन पाठवते बाई? अन् बोलाचं असंन त्याले, तं बोलू दे ना."

अशा माणसाशी वाद कसा घालायचा? मी नाद सोडला.

मग दिल्लीची नोटीस आली. आमच्या भागातले जिनवाले आपसांत भाव ठरवतात, ठरलेल्या आकड्याच्या वर कुणीच बोली नेत नाही आणि शेतकऱ्याला दुसरी वाटच राहत नाही, अशी तक्रार गेली होती. व्यापाऱ्यांनी असं संगनमत करू नये म्हणून कायदा आहे, आणि तो पाहणारं दिल्लीचं सरकारी कार्यालय आता चौकशी करणार होतं. मालकांनी नागपूरहून एक वकील मॅडम आणल्या. मॅडमनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं की आजपासून एकही मेसेज, एकही मेल, आवाजातला एकही निरोप पुसायचा नाही. मेसेज आपोआप पुसले जायची सोय कुणी लावली असेल तर आत्ताच बंद करा. कामासाठी वापरलेला प्रत्येक फोन आणून द्या, त्याची नक्कल निघेल. काही लपवलेलं सापडलं तर ते मूळ आरोपाहून महाग पडेल. आणि हे सगळं नीट होतंय की नाही, हे पाहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मला वाटलं होतं, हे कॉम्प्युटरचं काम आहे. कॉम्प्युटरनं मला कधीच छळलं नाही, छळलं ते माणसांनी. आमच्या अकाउंटंटचा फोन नेमका नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी विहिरीत पडला. गाठींच्या गोदामावरचे भाऊ म्हणाले, माझे मेसेज आठवड्याला आपोआप जातात, फोन भरतो ना. ती सोय बंद करायला मी त्यांच्यापुढं तासभर बसले, आणि घरी जाऊन त्यांनी ती परत सुरू केली, कारण फोन भरत होता. बाया वेगळ्याच घाबरल्या. माहेरी बोललेलं सगळं आता दिल्लीत ऐकणार म्हणून त्यांनी काकाजींना गराडा घातला. काकाजी म्हणाले, "दिल्लीवाल्याईले तुमच्या नंदेचं का लोनचं घालाचं आहे? जा, काम करा." मालकांचा फोन मात्र इतका स्वच्छ निघाला की त्यात सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांशिवाय काही नव्हतं. मॅडमनी त्यांचं कौतुक केलं.

नक्कल काढायला नागपूरहून तज्ज्ञ आला. त्यानं काकाजींचा फोन हातात घेतला आणि पासवर्ड विचारला.

"नाई," काकाजी म्हणाले.

"म्हणजे सांगणार नाही?"

"नाईच आहे तं सांगू का?"

"बरं. हा फोन कोण वापरतं?" मॅडमनी विचारलं.

"ज्याले काम पडलं तो."

मॅडमना वाटलं, म्हातारा हुशारी करतोय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, की खरं आहे. फोन उघडला तर आत अनोळखी बाळांच्या बारशाचे फोटो, विकायला काढलेल्या बकऱ्या, कुणाच्या तरी मुलीची दहावीची गुणपत्रिका आणि काकाजींनी नाव न ऐकलेल्या भजनी मंडळाचा ग्रुप. चौकशीत प्रत्येक फोनचा धनी ठरवावा लागतो, त्यातलं बोलणं त्याचं धरलं जातं. ह्या फोनचे धनी म्हणून मी कुणाकुणाची नावं देणार होते?

नक्कल निघाली, फोन परत आला. मॅडमनी बजावलं की यापुढं ह्याला फक्त काकाजींचा हात लागेल. मी स्वतः फोनला नंबरचं कुलूप लावलं, काकाजींकडून तो नंबर पाठ करून घेतला आणि जरा निर्धास्त होऊन जेवायला गेले. परत येते तर काट्याच्या खोलीत, खुंटीच्या वर, भिंतीवर खडूनं तो नंबर लिहिलेला. मोठ्या अक्षरात.

"काकाजी, हे काय?"

"तूनंच तं कुलूप लावलं. मंग किल्ली नको ठेवू का?"

मी ओल्या फडक्यानं भिंत पुसली. संध्याकाळी नंबर परत तिथंच होता. मी त्या दिवशी इतकी चिडले होते की त्यांना "उद्या येते" न म्हणताच निघाले.

आणि मग ती गोष्ट सापडली, जिच्यामुळं ह्या सगळ्या वेडेपणाचं हसू संपलं.

जिनवाल्यांच्या खरेदीदारांचा एक ग्रुप होता. त्यात गेल्या हंगामात, एका संध्याकाळी, काकाजींच्या फोनवरून मेसेज गेला होता: "उद्या कोणीही ठरलेल्या भावाच्या वर जाऊ नये. सर्वांचे सहकार्य अपेक्षित आहे." दुसऱ्या दिवशी बाजारात खरोखरच कुणी वर गेलं नव्हतं. ती सकाळ मला चांगली आठवत होती, कारण आमची गाडीसुद्धा त्या दिवशी बाजारात होती. आम्ही पवनारचे. वावरात भाजीपालाच जास्त, पण थोडा कापूसही असतो. बाबांच्याच गाडीत कापसावर बसून मी त्या दिवशी कामावर आले होते. आमचा कापूस आमच्याच जिनानं घेतला होता, काकाजींच्या बोलीवर.

मॅडमनी मेसेज मोठ्यानं वाचला. मालक खिडकीकडं पाहत म्हणाले, "मला ह्यातलं काहीच माहीत नाही. काकाजींनी परस्पर केलं असेल." मॅडमचा चेहरा नोटीस आल्यापासून पहिल्यांदा हलका झाला. एका जुन्या नोकरानं, मालकाला न विचारता, आपल्या डोक्यानं केलं, अशी मांडणी झाली की कंपनी बरीचशी सुटत होती. अडकत होते फक्त काकाजी. आणि तेही कशात? ज्या शेतकऱ्यांनी आयुष्यभर "काकाजी उभे आहेत ना, मंग आपली गाडी तिकडंच लावा" म्हटलं, त्यांचाच भाव पाडल्याच्या आरोपात.

मला हसावं की रडावं कळेना. "सहकार्य अपेक्षित"! काकाजींच्या तोंडून हा शब्द जन्मात निघाला नसता. त्यांनी सांगितलेला मेसेज असता तर त्यात चार जणांच्या तब्येतीची विचारपूस असती. आणि रोज संध्याकाळी हवा खायला म्हणून काट्याच्या खोलीत, त्या खुंटीखाली, कोण येऊन बसायचं हे जिनातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मालक. स्वतःच्या फोनला भावाचा वाराही न लागू देणारे आमचे मालक.

मी मॅडमना बाजूला घेऊन हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सिद्ध कसं करणार? फोन त्यांचा आहे." मी म्हटलं, फोन सगळ्यांचा आहे, तेव्हा तर त्याला कुलूपही नव्हतं. "मग कुणीही लिहिला असेल. मालकांनीच, हे कशावरून?" त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. माझा सगळा राग परत काकाजींवर वळला.

जबाबाची तारीख लागली तशी मी रोज दुपारी त्यांच्यापुढं जाऊन बसू लागले.

"काकाजी, एवढंच म्हणा की मेसेज मी लिहिला नाही, त्या खोलीत मालक बसायचे, त्यांनी लिहिला असेल."

"मी पाह्यलं का त्याईले लिवताना?"

"नाही. पण सगळ्यांना माहीत आहे!"

"मंग सगळ्याईले बोलवा."

"अहो, तुमचं नाव खराब होईल! शेतकरी काय म्हणतील?"

यावर त्यांनी बाहीवरचा रुईचा धागा वेचून काढला. मला वाटलं, लागलं कुठंतरी. मग म्हणाले, "लोकाईले पानी पाजलं तं कोन पेलं ते लिवून नाई ठेवत बाई. फोन मीच टांगला ना खुटीवर?" आणि उठून कापूस पाहायला गेले. असा संताप आला! माणसानं सरळ असावं, पण इतकं की सोडवायला आलेल्यालाही धरायला काही ठेवू नये?

जबाब नागपूरला झाला. फोनच्या नकला माझ्या देखरेखीखाली निघाल्या होत्या, म्हणून मलाही बोलावलं होतं. दिल्लीहून आलेले अधिकारी मराठी होते, मवाळ बोलायचे. त्यांनी मेसेजचा कागद पुढं ठेवला. काकाजींनी तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि शेवटी माझ्याकडं दिला. मी वाचून दाखवला.

"हा तुम्ही पाठवला?"

"नाई साहेब."

मी श्वास सोडला. शेजारी मॅडम ताठ झाल्या.

"मग कोणी?"

"मी पाह्यलं नाई. न पाह्यलेलं सांगत नाई मी." काकाजींनी खुर्ची थोडी पुढं ओढली. "पन साहेब, तुम्ही सारे त्या फोनले काऊन विचारून राह्यले? मले विचारा ना. त्या दिवशी सकाळी मालक काट्यावर आले. मले तोंडानं सांगतलं, ह्याच्या वर जाचं नाई. मी बाजारात गेलो. बोली मीनं लावली. थांबलोही मीच. भर बाजारात, साऱ्याईच्या समोर. चांगला माल होता, दिसत होता मले, अन् मी थांबलो. ते कोनाच्या फोनात नाई सापडणार तुमाले."

मॅडम म्हणाल्या, "ह्यांची तब्येत बरी नाही, थोडा वेळ द्या." काकाजी म्हणाले, "तब्येत ठीक आहे."

"का थांबलात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नोकरी होती साहेब."

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मालक त्या जबाबानं अडकले, ते ठीक झालं. पण मेसेजमधून सुटलेला माणूस स्वतःच्या पायानं चालत जाऊन बोलीत अडकला होता. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! महिनाभर मी काय काय जपलं होतं, किती फोनच्या नकला, किती मेल, आणि ह्यांनी दोन मिनिटांत सगळ्यावर पाणी फिरवलं. ते मात्र बुटीबोरीपर्यंत शांत झोपले होते.

मालकांना त्यांना काढता आलं नाही, चौकशी चालू असताना कुणाला काढणं वाईट दिसेल असं मॅडम म्हणाल्या. काकाजीच नोकरी सोडून गेले. मी लेखी राजीनामा मागितला. "सांगतलं ना तुले, येत नाई म्हणून," ते म्हणाले. अजून तो कागद माझ्याकडं नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा मला फोन. "तुमच्या त्या काकाजींना आवरा. ते गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भेटतायत. प्रकरण चालू आहे, साक्षीदार आहेत ते!" मी गिरडला फोन लावला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि काकाजी तळेगावच्या बसनं गेल्याचं सांगितलं.

आणि एका रविवारी ते आमच्या दारात उभे. बाबा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते, सोमवारी वर्ध्याला न्यायच्या. आई आत होती. मी पुढं होऊन हळूच म्हटलं, "काकाजी, असं फिरू नका, अडचणीत याल. सांगायचंच होतं तर फोनवर सांगायचं."

"फोनवर? मंग कोनं सांगतलं ते तुलेच शोधत बसा लागलं असतं," ते म्हणाले, आणि मला ओलांडून ओट्यापाशी गेले.

"रामराम. मांगच्या साली तुमच्या कापसाचा भाव मी थांबवला. माल वरच्या भावाचा होता. मले दिसत होतं, तरी थांबलो."

बाबांचे हात थांबले. त्यांनी बसा म्हटलं नाही. आमच्या घरी आलेल्या माणसाला बसा न म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"मले वाटलं, मालातच खोट होती," बाबा म्हणाले. "मी घरी येऊन हिच्या मायवर भडकलो होतो. म्हटलं, तूनं वेचनी खराब केली, कापसात कचरा येऊ देला. ह्या साली मी तिले वेचाले जाऊच नाई देलं. मजूर लावले."

आई दारात येऊन उभी राहिली होती. काकाजी तिच्याकडं वळले आणि हात जोडले.

"वेचनी साफ होती बाई. तसा कापूस त्या दिवशी बाजारात दुसरा नोहता."

आईनं काकाजींकडं पाहिलंच नाही. ती बाबांकडं पाहत होती.

"ऐकलं का?" ती म्हणाली.

बाबांनी मेथीची जुडी खाली ठेवली. मान वर केली नाही. "ऐकलं," म्हणाले.